जसवंतसिंगांचं ‘अ कॉल टू ऑनर’ : फौजी, मंत्री आणि न सांगितलेलं

गोदाकाठ, नांदेड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जसवंतसिंग यांचं ‘अ कॉल टू ऑनर’ वाचून संपवलं. त्यावर कुणाशी तरी सविस्तर बोलावं असं फार वाटतंय, म्हणून हा धागा. पुस्तक २००६ चं. तेव्हा पेपरांत गाजलं ते एकाच गोष्टीमुळे. नरसिंह राव पंतप्रधान असताना त्यांच्या कार्यालयातून कुणीतरी अमेरिकेला अणुकार्यक्रमाची माहिती पुरवत होतं, असा त्यात उल्लेख होता. मनमोहनसिंगांनी नाव सांगा म्हणून आव्हान दिलं, नाव काही बाहेर आलं नाही, आणि पुस्तकाची चर्चा तिथेच विझली. मला वाटतं हा पुस्तकावर अन्याय झाला. त्यातला काही अन्याय पुस्तकाने स्वतःवर ओढवून घेतला, त्याबद्दल खाली लिहितो.

आधी माणसाची ओळख. जन्म ३ जानेवारी १९३८, राजस्थानात बाडमेर भागातलं जसोल. अजमेरचं मेयो कॉलेज, मग एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. १९५७ ते १९६६ फौजेत, सेंट्रल इंडिया हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये. १९६२ आणि १९६५ ही दोन्ही युद्धं त्यांच्या नोकरीच्या काळात झाली. मेजर असताना राजीनामा देऊन राजकारणात आले. संघाच्या शाखेतून आलेले नव्हते, त्यामुळे स्वतःच्या पक्षातही, म्हणजे भाजपात, ते थोडे बाजूलाच राहिले. १९८० पासून राज्यसभा. पुढे परराष्ट्र, अर्थ आणि २००१ मध्ये काही महिने संरक्षण, अशी तिन्ही मोठी खाती त्यांनी सांभाळली. २००९ मध्ये जिनांवरच्या पुस्तकामुळे पक्षाने काढलं, वर्षभरात परत घेतलं. २०१४ मध्ये बाडमेरमधून अपक्ष उभे राहिले म्हणून पुन्हा काढलं. त्याच वर्षी घरात पडून ते बेशुद्धावस्थेत गेले. २७ सप्टेंबर २०२० ला निधन.

आता आपण मराठवाड्यातल्या लोकांनी हे का वाचावं? आपल्या भागाचं स्वातंत्र्यच मुळी फौज आत आल्यावर पुरं झालं. १३ ते १७ सप्टेंबर १९४८. त्यानंतर या मातीने देशाला संरक्षणमंत्री दिले. शंकरराव चव्हाण १९८४ मध्ये काही महिने त्या खात्यावर होते. १९९६ च्या तेरा दिवसांच्या सरकारात संरक्षण आपल्या अंबाजोगाईच्या प्रमोद महाजनांकडे होतं, आणि त्याच मंत्रिमंडळात अर्थखातं जसवंतसिंगांकडे. पण गणवेश उतरवून राजकारणात आलेला आणि मग दोन्हींबद्दल लिहिणारा माणूस आपल्याकडे विरळाच. आपले पुढारी आले मुक्तिसंग्रामातून, विद्यार्थी चळवळीतून, साखर कारखान्यातून, जिल्हा परिषदेतून.

फौजेत चकमक झाली की अहवाल द्यावा लागतो. हुकूम काय होता, प्रत्यक्षात काय केलं, किती माणसं गेली, कुठे चुकलं. वरिष्ठाला आवडो न आवडो, लिहावं लागतं. मी हे पुस्तक याच कसोटीवर वाचलं. फौजेची वर्षं त्यात मानाने कमी जागा घेतात, मोठा भाग १९९८ ते २००४ चा आहे. मला पाहायचं होतं ते एवढंच, की मंत्री झालेला मेजर त्या सहा वर्षांचा अहवाल देतो का.

काही ठिकाणी देतो, आणि फार चांगला देतो. पोखरणच्या अणुचाचण्या ११ आणि १३ मे १९९८ ला झाल्या. जूनपासून अमेरिकेचे परराष्ट्र उपमंत्री स्ट्रोब टॅलबट आणि जसवंतसिंग यांच्या भेटी सुरू झाल्या. चौदा भेटी, सात देशांत. टॅलबट यांनी आपली बाजू २००४ मध्ये वेगळ्या पुस्तकात लिहिली. एकाच खोलीत समोरासमोर बसलेल्या दोन माणसांनी त्या खोलीबद्दल स्वतंत्रपणे लिहावं, हे आपल्याकडे दुर्मीळ. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर निर्बंध लादणाऱ्या महासत्तेशी आवाज न चढवता, पण एक पाऊलही मागे न घेता कसं बोलावं याचा धडाच मिळतो.

दुसरं कंदाहार. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४ हे विमान पळवलं गेलं. अमृतसर, लाहोर, दुबई, शेवटी कंदाहार. ३१ डिसेंबरला मसूद अझहर, उमर शेख आणि मुश्ताक झरगर या तिघांना सोडून प्रवासी परत आणले. त्या तिघांना नेणाऱ्या विमानात परराष्ट्रमंत्री स्वतः बसून गेले. त्यांचं म्हणणं असं की तिथल्या अधिकाऱ्यांना जागेवर निर्णय घेऊ शकेल असा कुणी वरिष्ठ हवा होता. निर्णय चूक होता की बरोबर यावर मी बरीच वर्षं एका बाजूने बोलत आलोय आणि अजूनही तो निर्णय मला पटत नाही. पण दिल्लीत बसून सही करणं वेगळं, आणि आयुष्यभर याच एका फोटोवरून लोक शिव्या देणार हे ठाऊक असताना विमानात चढणं वेगळं. हे त्यांच्यात फौजेतून आलंय असं मी मानतो.

आणि मग त्या हेराचा परिच्छेद. पुरावा नाही, नाव नाही, नुसतं बोट दाखवणं. अहवालाच्या कसोटीवर हे बसत नाही. फौजेत कुणी अधिकारी असं लिहून देईल का?

तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी वाचलंय त्यांनी तर लिहाच, पण फौजेत असलेल्यांनी, ज्यांच्या घरात कुणी फौजेत आहे त्यांनी जास्त लिहा.

माजी सुभेदार, निलंगा

गोदाकाठ सर, जय हिंद. पुस्तक मी वाचलेलं नाही, इंग्रजी एवढं जमत नाही. पण कंदाहारचं तुम्ही लिहिलंत त्यावर बोलतो.

साहेबानं पुढं जायचं, हे फौजेत शिकवावं लागत नाही, रोज दिसतंय ते. पेट्रोलिंगला आमचा कंपनी कमांडर नेहमी आमच्या आदी दोन पावलं. तेवढ्यापुरतं जसवंतसिंग साहेबांचं मला पटतंय. पण आमच्या बाजूनं बी बघा. मसूद अझहर १९९४ ला पकडला व्हता काश्मीरमधी. त्याला पकडायला, सांभाळायला कोण व्हतं? जवानच. तो सुटला, २००० ला जैश काढली. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला. आन मग आमची गाडी निघाली बाडमेरकडं.

ऑपरेशन पराक्रम. दहा महिने सरहद्दीवर. म्हंजे ज्या साहेबांचं गाव बाडमेरला, त्यांच्याच मुलखात आमी तंबू ठोकून बसलो, आन ते तवा दिल्लीत परराष्ट्रमंत्री. लढाई झाली नाही. पण सुरुंग पेरताना आन नंतर काढताना आमची माणसं गेली. उन्हाळ्यात वाळू सरकती, सुरुंग पेरलेल्या जागी ऱ्हात नाही. नकाशावर एक जागा, खाली दुसरीच. माझ्या समोर एका पोराचा पाय गेला. त्याचं वय बावीस.

लढाई झाली नाही म्हणून त्या दहा महिन्यांचं कुणी काही लिहीत नाही. सर, तुमच्या पुस्तकात याचा अहवाल हाये का? हे मी रागानं विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय की वर बसलेल्यांनी काय इचार केला व्हता.

गोदाकाठ, नांदेड

सुभेदार काका, पहिल्यांदा तुम्हाला नमस्कार. हा प्रतिसाद आला नसता तर धागा अपुरा राहिला असता.

पुस्तकात त्या काळातल्या मुत्सद्देगिरीचं आहे. फौज सरहद्दीवर उभी करून पाकिस्तानवर आणि जगावर दबाव कसा आणला, असा सगळा सूर. पण सुरुंग, वाळू, पाय गेलेला पोरगा, हे तुम्ही सांगितलंत तसं माझ्यापर्यंत त्या पानांतून पोचलं नाही. स्वतः रणगाड्यात बसलेल्या माणसाच्या पुस्तकात ते यायला हवं होतं. तुमचं म्हणणं पूर्ण मान्य.

काका, तुम्ही हे लिहून काढायला हवं. मराठीत, तुमच्याच बोलीत. टंकायला मी मदत करतो.

मानवत रोड

धागा उत्तम, पण कंदाहारबद्दल गोदाकाठ यांच्याशी मी सहमत नाही.

स्वतः जाण्याला धैर्य म्हणावं का? परराष्ट्रमंत्री गेल्यामुळे तीन अतिरेक्यांच्या सुटकेला सरकारी सोहळ्याचं रूप आलं. एखादा सचिव गेला असता तरी प्रवासी परत आलेच असते. फौजी अधिकारी पुढे जातो तो हल्ल्यासाठी. इथे पुढे जायचं होतं ते द्यायला. त्या दोन्हीला एकच गुण लावणं मला जड जातं.

शिवाय अहवालाची कसोटी लावायची तर विमान अमृतसरला उभं असताना ते का अडवलं गेलं नाही, हा त्यातला पहिला प्रश्न. तिथेच सगळं हातातून गेलं. त्या तासाभराची जबाबदारी कुणाची, यावर आजवर कुणाच्याही आत्मचरित्राने सरळ उत्तर दिलेलं नाही. लालकृष्ण अडवाणींचं ‘माय कंट्री माय लाइफ’ २००८ मध्ये आलं. जसवंतसिंगांना पाठवण्याचा निर्णय अडवाणींना आधी माहीत होता की नव्हता, यावर दोघांची जाहीर विधानं जुळत नाहीत. एकाच मंत्रिमंडळात, त्याच आठवड्यात बसलेली ही दोन माणसं! वाचकाने कुणावर विश्वास ठेवायचा?

खाम नदी, छत्रपती संभाजीनगर

मी आपल्या शहरातल्या एसपीआयचा, म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटचा माजी विद्यार्थी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्र शासनाची संस्था, १९७७ पासूनची. दहावीनंतर प्रवेश परीक्षा आणि मुलाखत, मग अकरावी-बारावीची दोन वर्षं एनडीएची तयारी. महाराष्ट्रातून जवान भरपूर जातात पण अधिकारी फार कमी होतात, हे दिसत होतं म्हणूनच ती निघाली. मराठवाड्यातल्या खेड्यांतली मुलंही तिथून खडकवासल्याला, एनडीएत गेली, त्यातलाच मी एक. आता निवृत्त आहे.

मानवत रोड, तुमचा मुद्दा ताकदीचा आहे. तरी एक गोष्ट सांगतो. अधिकारी पुढे जातो तो फक्त हल्ल्यात, हे बरोबर नाही. शहीद जवानाच्या घरी निरोप घेऊन अधिकारी जातो. पांढरा झेंडा घेऊन सरहद्दीवर समोरच्याशी बोलायला अधिकारी जातो. ज्यात मान नाही, नुसता त्रास आहे, अशी कामंही खाली ढकलायची नाहीत, हा रिवाज आहे. कंदाहारला कुणीतरी जाणार हे ठरल्यावर मंत्र्याने ते सचिवावर ढकललं नाही, याला मी मान देतो. निर्णयाला नाही.

आता हेराच्या परिच्छेदाबद्दल. गोदाकाठ विचारतात की फौजेत कुणी असं लिहून देईल का. अजिबात नाही. बिनपुराव्याचा संशय लेखी द्यायचा नसतो, तो तोंडी वरच्याला सांगायचा असतो.

पण अहवालांबद्दल बोलतोच आहोत तर दुसरी बाजूही बघा. १९६२ च्या पराभवानंतर सेनापती जे. एन. चौधरी यांनी चौकशी नेमली. हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा तो अहवाल १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना सरकारकडे आला. आजतागायत सरकारने तो अधिकृतपणे खुला केलेला नाही. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग प्रसिद्ध केला तेवढाच. फौज अहवाल लिहिते, सरकार तो कपाटात ठेवतं. मग मंत्र्यांच्या आत्मचरित्रांकडून आपण किती अपेक्षा ठेवायची?

अ‍ॅड. रानवारा, जालना

कायद्याची बाजू थोडक्यात. मंत्री दोन शपथा घेतो, पदाची आणि गोपनीयतेची. मंत्री म्हणून कळलेली गोष्ट कर्तव्यासाठी आवश्यक नसेल तर उघड करायची नाही, असं तो शपथेवर सांगतो. वर १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहेच. त्यामुळे जसवंतसिंगांनी काही गोष्टी न सांगणं मी समजू शकते. त्यांच्या गप्प बसण्यावर माझा आक्षेपच नाही. आक्षेप अर्धं सांगण्यावर आहे. शपथ आडवी येत असेल तर विषयच काढायला नको होता. काढला, तर संशयाची सुई एका कार्यालयातल्या प्रत्येक कर्मचाऱ्यावर फिरवून सोडून द्यायला नको होती. त्यात निरपराध माणसं असतील, त्यांना स्वतःचा बचाव करायला जागाच नाही. न्यायालयात हे एक मिनिट टिकलं नसतं.

बोरीकाठ, नळदुर्ग

जे. एन. चौधरींचं नाव निघालं म्हणून लिहायला बसलो. ते नाव आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे सोलापूरकडून जी मुख्य फौज निजामाच्या हद्दीत शिरली ती चौधरींच्या हाताखाली, आणि तिची पहिली मोठी गाठ पडली ती नळदुर्गला. किल्ल्याखालून बोरी नदी वाहते, तिच्यावरचा पूल हातात आल्याशिवाय हैदराबादचा रस्ता मोकळा होत नव्हता. त्याच दिवशी नळदुर्गजवळ दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले. मांडीत गोळ्या लागल्यावरही सरपटत पुढे गेले आणि ब्रेनगनच्या मोर्चावर ग्रेनेड फेकून तो बंद पाडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. देशातल्या अगदी पहिल्या अशोकचक्रांपैकी हे एक. दुसरं गुरखा पलटणीच्या नाईक नरबहादूर थापांचं, तेही त्याच दिवशीच्या तुंगभद्रेवरच्या पुलाच्या लढाईतलं. म्हणजे निजामाच्या राजवटीतून आपल्याला सोडवताना ही शौर्यपदकं आली.

दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात. भाषणांत बचित्तर सिंगांचं नाव मी क्वचितच ऐकलंय. किल्ला बघायला येणारे पाणीमहाल बघतात आणि जातात. पंजाबातून आलेला माणूस आपल्या रस्त्यावर मेला, त्याचं नाव आपल्या शाळेतल्या पोरांना तोंडपाठ असायला हवं.

तेच चौधरी १९६२ ते १९६६ सेनापती होते, म्हणजे जसवंतसिंगांच्या नोकरीची शेवटची वर्षं त्यांच्याच हाताखाली गेली. गोदाकाठ म्हणतात तसं, या पुस्तकाचा धागा आपल्या गावापर्यंत येतो तो असा.

योगेश्वरी, अंबाजोगाई

फार चांगली चर्चा. माझी एक भर.

आपल्याकडे फौजी पुढाऱ्याचं आत्मकथन नसेल, पण स्वामी रामानंद तीर्थांचं आहे. हैदराबादच्या लढ्याच्या त्यांच्या आठवणी १९६७ मध्ये इंग्रजीत आल्या. स्वामीजी आमच्या गावात शिक्षक होते, त्याआधी हिप्परग्याला. पुढे दोनदा खासदार, त्यातलं १९५७ चं औरंगाबादमधून. संन्यासी, गांधींना मानणारा माणूस, आणि त्यांच्याच हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी उमरखेडला, मनमाडला, बार्शीच्या सरहद्दीवर सशस्त्र कॅम्प चालवले. उमरीची बँक लुटली ती याच लढ्यासाठी. त्या काळात स्वामीजी बहुतेक वेळ तुरुंगात होते.

मला जसवंतसिंग आणि स्वामीजी शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. एकाने शस्त्राचं शिक्षण घेतलं आणि मग आयुष्य वाटाघाटीच्या टेबलावर काढलं. दुसऱ्याने अहिंसेचं व्रत घेतलं आणि त्याच्या लोकांना बंदूक उचलावी लागली. अनंत भालेरावांनी मुक्तिसंग्रामावर मराठीत जे लिहिलं ते आपण वाचतो, पण कॅम्पांतल्या साध्या पोरांनी स्वतः लिहिलेलं किती आहे? सुभेदार काकांचा प्रश्न इथेही लागू होतो. पुढाऱ्यांनी लिहिलं. रात्री करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या नाक्यावर हल्ला करायला गेलेल्या विशीतल्या पोराने लिहिलं नाही, आणि त्याच्यासाठी भाकरी थापून, सरकारी माणूस दारात आला तर खोटं बोलून त्याला वाचवणाऱ्या बाईने तर नाहीच.

उदगीरकर

सगळे मनापासून लिहितायत म्हणून मीही लिहितो. बराच विचार करून.

आमचं घर मुसलमानाचं. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होतं. रझाकारांनी या भागात जे केलं ते काळं होतं, त्याबद्दल माझ्या मनात दुसरा विचार नाही. पण फौज आल्यानंतरच्या आठवड्यांत जे झालं तेही आमच्या घराने पाहिलं. आजी त्याबद्दल एकदाच बोलली, तेही अर्धवट. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती, काझी अब्दुल गफ्फार त्यांच्यासोबत होते. त्यांच्या अहवालाने किमान २७,००० ते ४०,००० माणसं मेल्याचा अंदाज दिला. सगळ्यात जास्त झळ बसली ते जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. हा अहवालही दशकानुदशकं लोकांना वाचायला मिळाला नाही, २०१३ च्या आसपास मिळाला. त्यातच जिवाची पर्वा न करता मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंबद्दलही लिहिलंय. आमच्या आजीला ज्यांनी धान्याच्या कणगीत लपवलं ते लिंगायत कुटुंब. त्यांच्या घरी आम्ही आजही दिवाळीला जातो.

खाम नदींनी १९६२ चा अहवाल कपाटात असल्याचं लिहिलं. गोदाकाठ म्हणतात अहवाल द्यावा. मग आपला १९४८ चा पूर्ण अहवाल आपण कधी वाचणार? नळदुर्गच्या हवालदारांचं नाव शाळेत शिकवावं, शंभर टक्के. त्याच धड्यात पुढच्या दोन पानांवर हेही असावं.

कयाधू, हिंगोली

उदगीरकर, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. आमच्या पणजोबांना रझाकारांनी मारलं. गाव जाळलं. आमच्या घरात तीच एक कथा, तीच पुन्हा पुन्हा. त्यामुळे पहिल्यांदा मनात आलं की आमच्या दुःखाच्या धाग्यात हे कशाला. मग दोनदा वाचलं. तुम्ही आमचं काही नाकारलेलं नाही, तुम्ही तुमचं सांगितलंत. तुमच्या आजीचं पूर्ण ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

एकच सांगायचंय. दोन्ही लिहावं, पण रझाकारी आधी, तिच्या सगळ्या तपशिलासकट. ती दोन ओळींत उरकून पुढे गेलं तर आमच्यासारख्या घरांना तो अहवाल एकतर्फी वाटेल.

उदगीरकर

कयाधू, मान्य. आधी ती, सगळ्या तपशिलासकट. तुमच्या पणजोबांच्या गावाचं नावही त्यात असायला हवं.

गोदाकाठ, नांदेड

मी धागा काढला एका राजस्थानी मेजरच्या पुस्तकावर, आणि तो आपल्याच ओसरीवर येऊन थांबलाय. मला हे फार मोलाचं वाटतं.

कयाधू आणि उदगीरकर, तुमच्या दोघांच्या बोलण्यावर जसवंतसिंगांच्याच आयुष्यातलं एक आठवलं. फाळणीवर, जिनांवर त्यांनी २००९ मध्ये स्वतःला पटलं तसं लिहिलं आणि पक्षाने त्यांना काढलं. गुजरात सरकारने पुस्तकावर बंदी घातली, ती उच्च न्यायालयाने उठवली. त्यांचं जिनांबद्दलचं मत मला पटत नाही. पण इतिहासाबद्दल स्वतःच्या लोकांना न आवडणारं लिहायचं आणि त्याची किंमत मोजायची, हे त्यांनी केलं. म्हणूनच मला ‘अ कॉल टू ऑनर’मधला तो हेराचा परिच्छेद जास्त खटकतो. जिनांवर सहाशेहून अधिक पानांत पुराव्यांसकट मांडणी करणारा माणूस इथे दोन ओळींत संशय सोडून कसा गेला? रानवारा ताईंनी अर्धं सांगण्याबद्दल लिहिलंय, माझ्या मनातलं त्यांनी जास्त नेमकं मांडलं.

मानवत रोड, अमृतसरच्या मुद्द्यावर तुमच्याशी पूर्ण सहमत. अडवाणींची आणि जसवंतसिंगांची विधानं जुळत नसतील तर त्या आठवड्याची मंत्रिमंडळाची कागदपत्रं खुली करणं हाच उपाय. लेखकाच्या चांगुलपणावर विसंबून चालणार नाही.

आणि खाम नदी सर, ‘किती अपेक्षा ठेवायची’ असं तुम्ही विचारलंत. मी तरी पूर्ण ठेवतो. सरकार कपाट उघडत नाही म्हणूनच मंत्र्यांच्या आत्मकथनाचं वजन वाढतं. नागरिकाच्या हातात दुसरं काही पडतच नाही.

खाम नदी, छत्रपती संभाजीनगर

हे पटलं. एसपीआयच्या मुलांशी गप्पा मारायला अधूनमधून जातो. मुलं विचारतात, मुलाखतीसाठी काय वाचू? आता त्यांना हे पुस्तक आणि टॅलबटचं पुस्तक, दोन्ही जोडीने वाचा म्हणून सांगेन. आणि सोबत सुभेदार काकांचा वरचा प्रतिसादही छापून देईन. उद्या अधिकारी होणाऱ्या पोराने नकाशावरचा सुरुंग आणि वाळूतला सुरुंग यातला फरक आत्ताच वाचलेला बरा.

माजी सुभेदार, निलंगा

सगळ्यांचे आभार. नातीला सांगून लिहायला घेतलंय, मी बोलतो, ती मोबाईलवर टंकती. पहिल्यांदा बाडमेरचं. सुरुंगाचा नकाशा कसा करतात, खुणेचे खांब वाऱ्यानं कसे पडायचे, काढायच्या वेळी कोण पुढं असायचं, ते सगळं. पाय गेलेल्या पोराला फोन केला व्हता, तो आता सांगलीकडं असतो. म्हणला, माझं नाव नका घालू, पण झालं ते सगळं घाला.

गोदाकाठ सर, आठ-दहा पानं झाली की तुमाला धाडतो. तुमी काना-मात्रा बघा. बोली बदलू नका.

बोरीकाठ, नळदुर्ग

उदगीरकर, कयाधू, तुम्हा दोघांना एक विनंती. आमच्याकडे ४८ साली दहा-बारा वर्षांचे असलेले दोन आजोबा अजून आहेत. एकांचं घर किल्ल्याच्या वेशीजवळ, दुसऱ्यांचं मुसलमान मोहल्ल्यात. दोघांनी फौज येताना पाहिली आणि त्यानंतरचेही दिवस पाहिले. पहिले आजोबा तासभर नीट बोलतात, दुसऱ्यांना ऐकू कमी येतं, पण लिहून विचारलं की उत्तर देतात. मी एकटा विचारतो तेव्हा ते मला माहीत असलेलंच सांगतात. तुम्ही दोघं सोबत असाल तर वेगळे प्रश्न निघतील. योगेश्वरी ताईंना जमलं तर त्याही याव्यात. दुसऱ्या आजोबांच्या बहीणही त्याच घरात असतात, त्या पुरुषांसमोर बोलत नाहीत.

पुढच्या महिन्यातला कुठलाही रविवार ठरवा. उदगीरहून लातूर-तुळजापूरमार्गे बस आहे, हिंगोलीवाल्यांनी आदल्या रात्री लातूरला मुक्काम करावा. स्टँडवर मी घ्यायला येतो. मोबाईल चार्ज करून आणा, रेकॉर्डिंग लांब होणार आहे.